खरं सांगितलं म्हणून रायफल अडली, काही न सांगता पोतं मात्र पुण्याला गेलं

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री साडेनऊची वेळ, आमच्या अहमदपूरच्या नांदेड-लातूर रोडवर पुण्याच्या ट्रॅव्हल्स थांबतात ती जागा. मी भाच्याला गाडीत बसवायला गेलो होतो. तिथं एक ओळखीचे गुरुजी दिसले. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. हातात लांबडी काळी पेटी, दोन्ही कड्यांना कुलपं.

गुरुजींची मुलगी नेमबाजी खेळते. दहा मीटर एअर रायफल. रायफलीतून हवा गळू लागली होती आणि दुरुस्ती करणारा कारागीर पुण्यात. स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. गुरुजींना रजा मिळेना, म्हणून पेटी ट्रॅव्हल्सनं पाठवायची आणि पुण्यात मुलीच्या प्रशिक्षकांनी उतरवून घ्यायची, असा बेत.

ड्रायव्हरनं विचारलं, "सर, काय हाय यात?"

गुरुजी माणूस सरळ. म्हणाले, "रायफल आहे. खेळायची. छऱ्याची."

झालं. क्लीनर दोन पावलं मागं सरकला. ड्रायव्हर म्हणाला, "नको रे बाबा. चेकिंगला सापडली तर माझी गाडी ठाण्यात लागंल." गुरुजींनी खरेदीची पावती दाखवली, मुलीचं स्पर्धेचं ओळखपत्र दाखवलं. तो ऐकेना. बाजूला उभा असलेला एक जण हळूच म्हणाला, "सर, तुम्ही बी ना. पडद्याचे पाईप हायेत म्हणायचं की!"

हे चालू असताना त्याच गाडीच्या डिकीत माल चढत होता. चार-पाच खोकी, दोन पोती आणि सुतळीनं आवळलेलं एक लांब गाठोडं. मी क्लीनरला सहज विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, "काय की. पुण्यात एक जण येऊन घेऊन जातो. दोनशे रुपये देतो."

त्या गाठोड्यात काहीही असेल. शेवग्याच्या शेंगा असतील, खरोखरच पडद्याचे पाईप असतील. मी त्यावर काही आरोप करत नाही. पण पेटीत काय आहे ते ज्यानं खरं सांगितलं, कागद दाखवले, त्याचा माल रस्त्यावर राहिला. ज्यानं काहीच सांगितलं नाही आणि ज्याला कोणी काही विचारलंही नाही, त्याचा माल पुण्याला गेला. आजची ही पोस्ट त्याच्यासाठी आहे.

आधीच सांगतो, मी बंदुकीचा शौकीन नाही. वीस वर्षं जिल्ह्याच्या बातम्या करतोय, त्यामुळं बंदुकीचा दुसरा चेहरा जास्त बघितलाय. आणि ड्रायव्हर चुकला असंही मी म्हणत नाही. त्याच्या जागी मी असतो तरी पेटी घेतली नसती. पेटीतली रायफल छऱ्याची की गोळीची, हे त्यानं कसं ओळखायचं? उद्या चौकशी झाली तर उत्तर कोणी द्यायचं? त्याचा नकार बरोबरच होता. चूक ही की तोच प्रश्न त्यानं त्या गाठोड्याला विचारला नाही.

आपल्या भागात वस्तू कशा फिरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. लातुरात शिकणाऱ्या पोरांचे डबे गावोगावहून एसटीनं येतात. पुण्यातल्या पोरांना गहू, डाळ, लोणचं ट्रॅव्हल्सनं जातं. औषधं, मोटारीचे पार्ट, लग्नाची पत्रिका, कोर्टाची कागदं, सगळं ड्रायव्हरच्या भरवशावर. पावती नाही, नोंद नाही. एक मोबाईल नंबर आणि गाडीचा नंबर, बस्स. या व्यवस्थेनं आपली मोठी सोय केली, तिला मी नावं ठेवणार नाही. पण माल काय आहे हे न बघता तो पोचवणारी व्यवस्था डबा पोचवते तशी बाकीचंही पोचवते.

आता कायदा. 'कॉमन कॅरिअर' म्हणजे भाडं घेऊन कोणाचाही माल नेणारा वाहतूकदार. इंग्रजांच्या काळातला १८६५ चा कॅरिअर्स कायदा जाऊन त्याच्या जागी २००७ चा रस्ता मालवाहतूक कायदा आला. त्यानुसार वाहतूकदाराची नोंदणी लागते, मालाची पावती द्यावी लागते आणि माल हरवला-मोडला तर त्याची जबाबदारी ठरते. त्यातही माल पाठवणाऱ्यानं किंमत जास्त जाहीर करून जास्त दर भरला नसेल, तर भरपाई मर्यादितच मिळते. म्हणजे लाख-दीड लाखाची वस्तू हजाराची सांगून पाठवली आणि ती मोडली, तर रडून उपयोग नाही. आणि डिकीतून पावतीशिवाय पाठवलेल्या मालाचं तर विचारूच नका. तो हरवला तर हरवला.

कुरिअरच्या पावतीमागची बारीक अक्षरं कधी वाचलीत? तिथं न स्वीकारायच्या वस्तूंच्या यादीत शस्त्रं आणि स्फोटकं असतात. कागदावर चोख काम. आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा.

मे २०१८. औरंगाबादमध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दंगल होऊन काही दिवसच झाले होते. पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, चाकू, कुकऱ्या पकडल्या. घरपोच आलेल्या! मोबाईलचं कव्हर मागवावं तशा. चार वर्षांनी, मार्च-एप्रिल २०२२ मध्ये त्याच शहरात कुरिअरनं आलेल्या तीसहून जास्त तलवारी सापडल्या. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडच्या दिघीत कुरिअरच्या गोदामात पार्सलं स्कॅनरखालून जाताना नव्वदहून जास्त तलवारी उघड झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्या मराठवाड्याकडं यायच्या होत्या. एप्रिलच्या शेवटी धुळ्याजवळ सोनगीर पोलिसांनी एका गाडीतून ८९ तलवारी धरल्या. तीही गाडी जालन्याकडं निघालेली. आणि लगेच आपल्या नांदेडात एका ऑटोरिक्षातून २५ तलवारी मिळाल्या.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण अशा पोस्टखाली लगेच भलते लोक जमा होतात. नांदेड हे हजूर साहिबचं शहर आहे. कृपाण बाळगणं हा शीख बांधवांच्या धर्माचरणाचा भाग आहे आणि संविधानाच्या कलम २५ मध्येच तसं स्पष्टीकरण आहे. त्या श्रद्धेचा आणि खोटं नाव टाकून डझनानं मागवलेल्या पार्सलांचा काडीचा संबंध नाही. तलवारी मागवणारे कोण होते ते जुन्या बातम्या काढून बघा. जात-धर्म कुठलाही असो, वाढदिवसाचा केक तलवारीनं कापून रील टाकणारी पोरं सगळीकडची आहेत.

मी स्वतः अशा कितीतरी बातम्या लिहिल्यात. शेवटची ओळ ठरलेली: "आरोपीविरुद्ध शस्त्र अधिनियम कलम ४/२५ प्रमाणे गुन्हा दाखल." बंदूक-कट्टा असेल तर ३/२५. पुढचा तपास फौजदार साहेब करतात आणि आम्ही दुसऱ्या बातमीला लागतो. ते पार्सल कोणी स्वीकारलं, पाठवणाऱ्याचं ओळखपत्र घेतलं होतं का, मधल्या कुठल्या गोदामात कोणी बघितलं का, हा प्रश्न बातमीत येत नाही. मीही विचारला नाही. ती माझीही चूक आहे.

गावठी कट्ट्यांची तर वेगळीच कथा. ५ एप्रिल २०२२ ला नांदेडात एका नामांकित बांधकाम व्यावसायिकाला भरदिवसा घरासमोर गोळ्या घालून मारलं. सगळं शहर हादरलं. मध्य प्रदेशच्या सीमेवर उमर्टीसारखी गावं कट्ट्यांसाठी बदनाम आहेत. तिथून निघालेला कट्टा शेकडो किलोमीटर फिरून आपल्याकडं येतो तो काही पायी चालत येत नाही. कुणाच्या तरी बॅगेत, डिकीत, सीटखाली येतो. त्याला परवाना लागत नाही, कुलूप लागत नाही, कोणी "काय हाय यात?" असं विचारत नाही.

आता दुसरी बाजू बघा, कायदा पाळणाऱ्याची. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत परवान्याची बंदूक कोणाकडं असते? किनवट-माहूर पट्ट्यात रानडुकरांनी वैतागलेल्या एखाद्या शेतकऱ्याकडं पीकसंरक्षणाची. काही जुन्या घराण्यांत वाडवडिलांची. आणि बरेचसे निवृत्त फौजी. पेन्शनीत भागत नाही म्हणून स्वतःची बारा बोअर घेऊन पुण्या-मुंबईत बँकेच्या दारात गनमन म्हणून उभे राहणारे. दिवाळीला हा माणूस गावी येतो तेव्हा बंदूक कुठं ठेवायची? खोलीवर चार जण राहतात, तिथं ठेवता येत नाही. म्हणून रेल्वेत बर्थखाली, सतरंजीत गुंडाळून. एका काकांनी मला सांगितलं, "रात्रभर झोप नाही लागत बगा. पाय पेटीवर ठेवून बसतो. चोरीला गेली तर नोकरीबी गेली अन् गुन्हाबी माझ्यावरच."

परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. हे फार जणांच्या लक्षात नसतं. देगलूर-उदगीरच्या माणसाला दुरुस्तीसाठी हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ. पण परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर बंदूक घेऊन तेलंगणात पाऊल टाकलं की तोच माणूस आरोपी. कायद्यात बंदूक स्वतःजवळ बाळगून नेणं वेगळं आणि दुसऱ्याकरवी मालासारखी पाठवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारावर सरकारचं वेगळं नियंत्रण आहे. त्यामुळं "भाऊ, एवढी पेटी तिकडं पोचव" असं गोळीच्या बंदुकीबाबत चुकूनही करू नका. ती परवानाधारकानं स्वतः न्यावी किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्यामार्फत रीतसर कागदांनिशी जावी.

गुरुजींच्या मुलीची गोष्ट याहून वेगळी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ठरावीक ताकदीच्या आतल्या, ०.१७७ इंच म्हणजे साडेचार मिलिमीटर नळीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. पण हे ड्रायव्हरला माहीत नाही, नाक्यावरच्या हवालदाराला माहीत असेलच असं नाही आणि पेटी बघून कोणालाच कळत नाही. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं ऑलिंपिकमधलं हे पहिलं वैयक्तिक पदक. मीही स्टेटस ठेवला होता. पण आपल्या तालुक्यातली पोरगी रायफलीची पेटी घेऊन बसस्टँडवर उभी राहिली की लोक तिच्याकडं कसे बघतात, ते एकदा गुरुजींना विचारा.

ज्यांना अशी पेटी घेऊन प्रवास करावाच लागतो त्यांच्यासाठी, खेळाडू आणि जाणकारांकडून समजून घेतलेलं थोडक्यात लिहितो. सेव्ह करून ठेवा.

१. पेटीत ठेवण्याआधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोटानं चाचपून खात्री करा. "रिकामीच असते" हे वाक्य बोलून माणसं मेलीत. बोल्ट निघत असेल तर काढून वेगळा ठेवा. स्पर्धेत वापरतात ती रंगीत सेफ्टी दोरी नळीत घालून ठेवा, म्हणजे पेटी उघडणाऱ्याला लांबूनच दिसतं की आत काही नाही.

२. गोळ्या-काडतुसं रायफलीच्या पेटीत नकोत. वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात.

३. कापडी पिशवीवर भागवू नका. टणक पेटी, आत रायफलीच्या आकाराचा फोम. डायऑप्टर, म्हणजे मागचं नेम धरायचं यंत्र, काढून वेगळं गुंडाळा. डिकीतल्या एका आपटीत सगळ्यात आधी तेच हलतं. पावसाळ्यात पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका.

४. एअर रायफलीचा हवेचा सिलिंडर प्रवासाआधी पूर्ण रिकामा करा. विमानात तर भरलेला सिलिंडर चालतच नाही.

५. दोन कुलपं लावा. चावी पेटीला टांगू नका, स्वतःजवळ ठेवा. पेटीवर मोठ्या अक्षरांत 'रायफल' लिहू नका, ते चोराला आमंत्रण. पण कोणी अधिकाऱ्यानं विचारलं तर पहिल्याच वाक्यात खरं सांगा.

६. परवाना किंवा खरेदीची पावती, ओळखपत्र आणि स्पर्धेचं पत्र खिशात. त्यांची एक झेरॉक्स पेटीत. रायफलीचा नंबर आणि चारही बाजूंचे फोटो मोबाईलमध्ये. चोरी झाली तर फिर्याद देताना नंबर आठवत नाही, ही नेहमीची गोष्ट आहे.

७. विमानानं जायचं असेल तर कंपनीला आधी कळवा, विमानतळावर लवकर जा, काउंटरवर जाहीर करा. शस्त्र केबिनमध्ये कधीच जात नाही, जमा सामानातच जातं. काडतुसांना माणशी पाच किलोची मर्यादा असते.

हे झालं आपलं काम. आता सरकारचं.

बंदुकीचा आपल्याकडचा सगळ्यात नेहमीचा प्रवास माहितीये का? घर ते पोलीस ठाणं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करा. कोणाची जमा करायची हे ठरवायला स्क्रीनिंग समिती असते, पण गावात निरोप येतो तो सरसकटच. मग मोटारसायकलवर पोत्यात गुंडाळलेली बंदूक आडवी टाकून माणूस ठाण्यात जातो. निकाल लागल्यावर परत आणायची. आमच्या एका नातेवाइकाला बंदूक परत मिळाली तेव्हा नळीला गंज आणि दस्त्याला चीर. तक्रार कोणाकडं करणार? जमा करतानाच्या पावतीवर बंदुकीची अवस्था लिहिलेलीच नव्हती. पाठवणाऱ्याचा माल जसाच्या तसा परत मिळाला पाहिजे हा वाहतूकदाराला लागू असलेला साधा न्याय. तो सरकारी कोठीला का लागू नसावा?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत.

एक, नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांच्या शस्त्र परवाना शाखेत आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात एका पानाचं मराठी माहितीपत्रक लावा. शस्त्र जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर न्यायचं तर काय कागद लागतात. दुरुस्तीला कसं पाठवायचं. कोणत्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. एवढंच. आज हे कोणाला विचारावं तर उत्तर देणारा प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दोन, जिल्हा क्रीडा कार्यालयानं नेमबाजी खेळणाऱ्या पोरांना फोटो आणि रायफलीचा नंबर असलेलं एक पत्र द्यावं. ते पत्र बघून हवालदारानं आणि कंडक्टरनं पोरीला चोरासारखं वागवू नये.

तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. कुरिअर असो की ट्रॅव्हल्स, पाठवणाऱ्याचं ओळखपत्र बघा, घेणाऱ्याचं नाव-नंबर वहीत लिहा, पेटी बंद करण्याआधी आत बघा. दिघीतल्या तलवारी स्कॅनरमुळं सापडल्या. तालुक्याच्या काउंटरवर स्कॅनर परवडणार नाही हे मान्य. पण डोळे फुकट आहेत. प्रवासी गाडीतून व्यापाराचा माल न्यावा की नाही हा आरटीओचा विषय. नेताय तर निदान काय नेताय ते तरी माहीत असू द्या.

यावर कोणी म्हणेल, डब्याचीही झडती घेणार का? म्हातारीनं नातवाला पाठवलेले लाडू उघडून बघणार का? मलाही ते आवडणार नाही. त्यातला त्रास मला दिसतो, गर्दीच्या वेळी गाडी अर्धा तास उशिरा सुटेल हेही कळतं. पण त्याच गाडीत वरच्या सीटवर तुमचीच लेकरं झोपलेली असतात. खालच्या डिकीत काय आहे हे ड्रायव्हरलाही माहीत नसावं, हे मला जास्त भीतीचं वाटतं.

गुरुजींचं पुढं काय झालं ते सांगतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी बिनपगारी रजा टाकली. एसटीनं लातूर, तिथून पुणे, पेटी मांडीवर घेऊन. रायफल दुरुस्त झाली, पोरगी स्पर्धेला गेली. परवा चौकात भेटले. म्हणालो, "गुरुजी, पुढच्या वेळी काय करणार?" हसून म्हणाले, "पडद्याचे पाईप म्हणणार."

तीस वर्षं पोरांना 'नेहमी खरे बोलावे' शिकवणारा माणूस हे म्हणाला. मला हसू आलं नाही.

दोन्ही जिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांपर्यंत हे पोचेल एवढं शेअर करा. आणि ट्रॅव्हल्सवाल्या मित्रांनो, राग मानू नका. आज रात्रीच्या गाडीला फक्त एवढं करा, जो प्रश्न गुरुजींना विचारला तोच प्रत्येक गाठोड्याला विचारा: "काय हाय यात?"